दमट घराला आणखी ओल कशाला?

मैत्रिणींनो, या खेपेस टपालात साकीनाक्याच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, पण एकही ओळ फुकट नाही. खैरानी रोडच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. धाकटा मुलगा पाच वर्षांचा. पावसाळा सुरू झाला की तो रात्री खोकतो आणि पहाटे त्याची छाती वाजते. डॉक्टरांनी पंप दिला आहे. त्यांची नणंद शिकागोला असते. तिने फोनवर सांगितलं, ‘वहिनी, आमच्याकडे सबंध घराला ह्युमिडिफायर आहे. मुलांचा खोकला कुठल्या कुठे पळाला. तुम्हीही घ्या.’ यजमानांनी लगेच चौकशी केली. सबंध घराचं यंत्र काही मिळेना, म्हणून खोलीत ठेवायची दोन यंत्रं घ्यायचं ठरत आहे, भिशीचे पैसे आलेच आहेत. या भगिनींचा जीव मात्र खालीवर होतो आहे. त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, की ‘जरा थांबूया’, तर सासूबाई म्हणाल्या, ‘पोराच्या तब्येतीपेक्षा पैसा मोठा झाला का?’ आता बाईने काय करावं?

ताई, तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे. तुम्ही ते सहज लिहून गेलात. ‘कपाटातल्या साड्यांना हल्ली कुबट वास येतो आणि कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी पडलेली दिसते.’ तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या भिंतीवर आहे. यंत्र घेऊ नका. निदान हे यंत्र तर नकोच.

का, ते सांगते. हे समजून घेतलंत तर घरात चार माणसांना समजावणं सोपं जाईल.

हवेत पाण्याची वाफ असते हे आपण शाळेत शिकलो. ती किती मावते हे हवेच्या उबेवर ठरतं. गरम हवेत जास्त, थंड हवेत कमी. दहा फूट बाय दहा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली घ्या. ३० अंश तापमानाला त्या खोलीच्या सगळ्या हवेत मिळून फार तर पाऊण लिटर पाणी वाफेच्या रूपात मावतं. पाऊण लिटर, बस्स! त्यापैकी किती भरलं आहे, त्याची टक्केवारी म्हणजे आर्द्रता. माणसाला साधारण ४० ते ६० टक्के सोसते. ६०-७० च्या वर जाऊन तिथेच राहिली की बुरशी धरते. गाद्या-उशांतले डोळ्यांना न दिसणारे धूळकिडेही दमटपणातच वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर एक स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरशी धरलेल्या घरात दम्याचा आणि खोकल्याचा त्रास वाढतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

आता शिकागो आणि साकीनाका शेजारी शेजारी ठेवून पाहा. तिकडे हिवाळ्यात बाहेर शून्याच्या खाली तापमान. त्या गार हवेत वाफ मुळातच चिमूटभर. तीच हवा घरात आणून भट्टीवर २०-२१ अंशांपर्यंत तापवतात. पाणी तेवढंच राहतं, पण हवेची भूक वाढते, आणि आर्द्रता २० ते २५ टक्क्यांवर येते. मग ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, लाकडी फर्निचरला चिरा जातात. तिथली घरं थंडीत घट्ट बंद असतात आणि गरम हवा नळांतून खोल्याखोल्यांत खेळवलेली असते. त्या नळाला पाणी देणारं एक यंत्र जोडलं की सगळ्या घराची हवा ओलावते. तुमची नणंद खोटं बोलत नाही हो. तिच्या घरी ते यंत्र औषधासारखं आहे, हे खरं.

आणि आपल्याकडे? मुंबईत हवामान खात्याच्या दोन वेधशाळा आहेत, कुलाब्याची आणि सांताक्रूझची. सांताक्रूझची तुमच्या जवळची. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि एकदा झड लागली की विचारायलाच नको. आपल्या घरांना ना तशी भट्टी, ना तसे हवेचे नळ. खिडक्यांना फटी, दाराखाली बोटभर जागा. अशा घरात वाफ सोडायची म्हणजे अरबी समुद्राला घागरीने पाणी घालण्यासारखं झालं.

बरं, आपण गृहिणी न कळत घरात किती पाणी सोडतो, याचा हिशेब कधी केलाय? मी केला आणि थक्क झाले. गॅस जळतो तेव्हा त्यातून पाण्याची वाफ निघते. एक किलो गॅसमागे जवळजवळ दीड किलो पाणी! म्हणजे १४.२ किलोचं एक सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी, भरून एक मोठी बादली, तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत गेलेलं असतं. पाइपच्या गॅसचंही तेच, किलोमागे जास्तच. त्यात डाळ-भाताच्या शिट्ट्या, उकळता चहा, न्हाणीघरातली वाफ, चार माणसांचे श्वास आणि घाम. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घरात वाळणारे कपडे. हाताने पिळलेल्या बादलीभर कपड्यांत दोन लिटर तरी पाणी उरतं. खोटं वाटत असेल तर ओले कपडे पिशवीत घालून ताणकाट्याला लावा आणि वाळल्यावर पुन्हा लावा. फरक दिसेल तेवढं पाणी तुमच्या खोलीने प्यायलं.

आता मघाचा पाऊण लिटर आठवा. खोलीच्या हवेत जागा पाऊण लिटरची, तीही पावसाळ्यात बाहेरूनच बरीच भरून आलेली, आणि आपण ओततो दोन-तीन लिटर. उरलेलं जाणार कुठे? खिडकी उघडी असेल तर बाहेर. बंद असेल तर भिंतीत, गादीत, कपाटामागे, पुस्तकांत आणि तुमच्या साड्यांत.

ताई, तुम्ही लिहिता की खिडकी उघडत नाही. खाली वर्कशॉपची घरघर आणि रस्त्याची धूळ. हे मला पटतं. अंधेरी-कुर्ला रोड, साकीविहार रोड, जरीमरी-सफेद पूल या भागात राहणाऱ्या कुणालाही पटेल. २०१४ साली मेट्रो सुरू झाली, येण्याजाण्याचे हाल थोडे कमी झाले, पण धूळ काही कमी झाली नाही. चाळी पाडून टॉवर उठताहेत, ट्रकांची रांग संपत नाही. तरीही पावसाळ्यात खिडकी बंद ठेवण्यात तोटाच आहे. पावसाने बाहेरची धूळ बरीच बसलेली असते. आणि बाहेर कितीही दमट असलं तरी कपडे वाळत असलेल्या, कुकर होत असलेल्या बंद खोलीत त्याहून जास्त वाफ असते. म्हणून स्वयंपाकाच्या वेळी आणि त्यानंतर अर्धा तास खिडकी उघडायचीच. समोरासमोरची दोन दारं-खिडक्या उघडता आल्या तर दहा मिनिटांतही हवा बदलते.

कपडे सगळ्या घरभर टांगू नका. एक जागा ठरवा, खिडकीजवळची. तिथे दांडी बांधा, खाली किंवा बाजूला पंखा लावा आणि आतल्या खोलीचं दार लोटून घ्या. यंत्रात धूत असाल तर पिळण्याची फेरी दोनदा फिरवा. विजेचा खर्च थोडा, पण कपडे लवकर वाळतात. पातेल्यावर झाकण ठेवा. गॅसही वाचतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! शेगडीवर वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवायला जागा असेल तर यंत्राच्या पैशांतून तो आधी बसवा. मुलाच्या छातीला त्याचा जास्त उपयोग होईल, कारण फोडणीचा धूरही तो ओढून नेतो.

आता त्या काळ्या भिंतीकडे वळू. कपाट भिंतीला चिकटून आहे ना? चार बोटं पुढे ओढा. मागे वारा फिरला पाहिजे. भिंत आधी तपासा. डाग वरून खाली उतरत असेल, किंवा पलीकडे मोरी, नळ वा गच्ची असेल, तर ती गळती आहे. गळतीवर कुठलंही यंत्र, कुठलाही रंग, कुठलाही मंत्र चालत नाही. गवंडी किंवा प्लंबरच आणावा लागतो आणि भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवावं लागतं. डाग नुसताच कोपऱ्यात आणि कपाटामागे असेल तर ती साचलेल्या दमटपणाची बुरशी. नाकाला फडकं बांधा, मुलाला शेजारी पाठवा, खिडकी उघडा आणि साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. कोरडी खरवडू नका, भुकटी उडून सगळ्या घरात जाते. मग पंखा लावून भिंत खडखडीत वाळू द्या. कुणी ब्लीच वापरत असाल तर ते संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मुलाची गादी त्या भिंतीपासून दूर हलवा. उन्हाची तिरीप आली की गादी-उशा खिडकीत टाका, चादरी आणि अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात.

डॉक्टरांनी दिलेला पंप मात्र आपल्या मनाने बंद करायचा नाही. भिंत पुसली, बरं वाटलं, म्हणून औषध थांबवलं, असं होऊ देऊ नका. पुढच्या भेटीत भिंतीची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि लहान मुलाला उकळत्या पाण्याचं पातेलं समोर ठेवून वाफारा देण्याची घाई करू नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात.

जाता जाता एक विचारते. डासांसाठी अगरबत्तीसारखी ती हिरवी कॉइल लावता का? दार-खिडकी बंद करून? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं आढळलं. घरात कुणी विडी ओढली तर आपण बोलतो, आणि कॉइल स्वतःच्या हाताने पेटवतो. मच्छरदाणी बांधा. धूप-उदबत्ती देवापुढे जरूर लावा, पण खिडकी उघडी असताना, आणि मूल खोकत असेल त्या दिवसांत एकच काडी पुरे.

तर मग हवा ओलावण्याचं यंत्र आपल्याला ठाऊकच नव्हतं का? छे! मुंबईला ते शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. तुमच्यापैकी कितीजणींचे सासरे-वडील गिरणीत होते? त्यांच्याकडून विणकाम खात्याच्या गोष्टी ऐकल्या असतील. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम वाफ आणि पाण्याचे फवारे सोडत. सुताचं भलं व्हायचं, माणूस घामाने निथळायचा. पण १९४८ च्या कारखाना कायद्यात एक कलम मोठं शहाणपणाचं होतं: कारखान्यात हवा कृत्रिम रीतीने ओलसर करायची असेल तर त्यासाठी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्याचं पाणी घ्यावं, नाहीतर ते नीट शुद्ध करून घ्यावं. कारण उघड आहे. जे पाणी हवेत जातं ते फुप्फुसात जातं.

ही गोष्ट घरच्या यंत्रालाही लागू आहे आणि दुकानदार ती सांगत नाही. टाकीत पाणी साचून राहिलं की तिला बुळबुळीत थर धरतो, आणि तोच जंतूंसकट बारीक तुषारांतून खोलीभर पसरतो. टँकरचं किंवा बोअरिंगचं जड पाणी घातलं तर क्षारांची पांढरी भुकटी फर्निचरवर बसते, आणि श्वासावाटे आतही जाते. मग कुणी सुचवतं, ‘टाकीत थोडं जंतुनाशक टाका.’ हे तर कधीच करू नका! दक्षिण कोरियात १९९४ पासून या यंत्रांच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक बाजारात राजरोस विकलं जाई. २०११ साली बाळंतिणी आणि गरोदर बायका फुप्फुसाच्या विचित्र आजाराने इस्पितळात येऊ लागल्या, तेव्हा शोध लागला की कारण ते औषधच आहे. तान्ही मुलंही त्यात गेली. बळींची संख्या शेकड्यांत मोजावी लागली. म्हणून ज्यांच्या घरी यंत्र आहेच त्यांनी पाणी रोज बदलावं, टाकी घासून कोरडी करावी आणि त्यात फिनेल, कापूर, निलगिरी, काही म्हणजे काही घालू नये.

विदर्भातल्या मैत्रिणी म्हणतील, बाई मुंबईपुरतंच बोलताहेत. बरोबर आहे. नागपूर-अकोल्याला मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तिथे हवा ओलावणं हा चैनीचा भागच नाही. वाळ्याच्या ताट्या दाराला लावून त्यांवर पाणी मारायची तुमच्याकडची जुनी रीत, आणि आजचा कूलर, हेच आपल्या महाराष्ट्रातलं घरगुती ह्युमिडिफायर! तोच कूलर कुणी मुंबईला आणला तर गारवा येत नाही, नुसता चिकचिकाट होतो, कारण भरलेल्या हवेत पाणी उडतच नाही. कूलरची टाकी मात्र आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा घासून, वाळवून मगच भरा. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात अंडी घालतो.

मुंबईतही कोरडे दिवस असतात, नाही असं नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत जमिनीवरून वारे येतात आणि दुपारी आर्द्रता चाळिसाच्या आसपास, कधी खालीही जाते. रात्रभर एसी लावून झोपणाऱ्यांना जास्त जाणवतं, कारण एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं ते तुमच्या खोलीच्या हवेतलंच असतं. घसा सुकतो, नाक चोंदतं. तेव्हा काय करावं? एक मोठा टॉवेल भिजवून, पिळून, निजायच्या खोलीत दांडीवर टाका. त्यात सुमारे अर्धा लिटर पाणी असतं, आणि हिशेब केला तर बंद खोलीला रात्रभर तेवढं पुरतं. सकाळी टॉवेल वाळलेला मिळेल. याला कशाला हवीत हजारो रुपयांची यंत्रं?

त्या दिवसांत साकीनाक्याला खरा त्रास धुळीचा. समुद्रावरचा वारा मंदावतो, पहाटे धूर-धूळ खालीच तरंगते. म्हणून हिवाळ्यात खिडकी पहाटे न उघडता दुपारी बारा ते चारच्या दरम्यान उघडा. झाडूने धूळ उडवण्याऐवजी लादी ओल्या फडक्याने पुसा, आधी पुसा आणि मग झाडा असा उलटा क्रम काही दिवस करून पाहा. समोर बांधकाम चालू असेल तर गप्प बसू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: भोवती पत्र्याचं उंच कुंपण, कापडाचं आच्छादन, राडारोड्यावर पाण्याची फवारणी. साकीनाक्याचा बराचसा भाग एल विभागात येतो. फोन १९१६ वर करता येतो. एकटीने करण्यापेक्षा मजल्यावरच्या पाच-सहा जणींनी एकाच दिवशी केला तर लवकर दखल घेतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला प्रश्न सासूबाईंचा आणि नणंदेचा. ताई, पैशाचं नाव काढू नका. सासूबाईंना हाताला धरून कपाटामागची भिंत दाखवा. ‘आई, ह्या ओलीनेच बाळ खोकतोय असं वाटतं, आणि ते यंत्र आणखी ओल करतं,’ एवढंच म्हणा. जुन्या बायकांना ओल कळते, त्यांनी पावसाळ्यात पापड-कुरडया सांभाळलेल्या असतात. नणंदेला भिंतीचं छायाचित्र पाठवा आणि तिच्या काळजीबद्दल मनापासून आभार माना. भिशीच्या पैशांतून वाफ फेकणारा पंखा आणि गळतीची दुरुस्ती झाली तर यजमानांनाही आपण मुलासाठी काही केलं नाही असं वाटणार नाही.

आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं, ते मात्र घ्यायला हरकत नाही. तोवर स्वयंपाकघरातलं मीठ आहेच. हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की शुद्ध मिठालाही पाणी सुटतं. उघड्या वाटीतलं मीठ ओलावलं, पापड मऊ पडला, काडेपेटी फुसकी झाली, दार फुगून चौकटीत अडकलं, की समजावं. विकत घेतलेलं मोजयंत्र खरं की खोटं हेही मिठानेच तपासता येतं. छोट्या वाटीत चार चमचे मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगू देऊ नका. ती वाटी आणि मोजयंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवा, आणि आठ-दहा तास डबा उघडू नका. सकाळी आकडा ७५ च्या जवळ हवा. ८० दिसला तर यापुढे वाचताना पाच वजा करा, ७० दिसला तर पाच मिळवा.